गर्भातील प्रवासी पेशी

ग्रहणकाळात गरोदर स्त्रीने विळी-सुरीस हात लावू नये, लावल्यास मूल फाटलेल्या ओठाचे जन्मास येते, ही समजूत आपल्या खेड्यांतून आणि शहरांतूनही अद्याप पुरती गेलेली नाही. असे मूल जन्मले की दोष मातेच्या पदरी पडतो. घरातील वडीलधारी मंडळी मागील महिन्यांचे पंचांग चाळू लागतात आणि एखादे ग्रहण बहुधा सापडतेच. वर्षाकाठी पृथ्वीवर कोठे ना कोठे किमान चार ग्रहणे होतात, तेव्हा न सापडले तरच नवल. ओठ खरोखर कशामुळे दुभंगतो हे पाहू गेल्यास मात्र आपणांस गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जावे लागते.

या वेळी गर्भ म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर लांबीची, तीन थरांची चकती असते. तिच्या वरच्या थरातील मधला पट्टा जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन पन्हळ बनते आणि कडा एकमेकींस मिळाल्या की नळी तयार होते. हीच नळी पुढे मेंदू व मज्जारज्जू बनते; बाजूच्या थराची त्वचा होते. या दोहोंच्या सीमेवर, पन्हळीच्या काठावर, पेशींचा एक चिंचोळा पट्टा असतो. विल्हेल्म हिस या स्विस शरीरशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये कोंबडीच्या गर्भात तो प्रथम वर्णिला. त्यास चेताशिखा असे म्हणता येईल. येथील पेशी नळी मिटण्याच्या सुमारास जागा सोडतात आणि गर्भभर प्रवासास निघतात. चेहऱ्याची बहुतेक हाडे, त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, आतड्याच्या भित्तीतील चेतापेशी, हृदयातून निघणाऱ्या महावाहिन्यांमधील पडदा, हे सारे या प्रवाशांचेच कार्य होय.

कोणत्या पेशीने प्रवासी व्हावे हे कसे ठरते? शेजारच्या पेशी काही प्रथिने स्रवतात व ती संदेशाचे काम करतात. 'बीएमपी' नावाच्या संदेशाचा प्रभाव भावी त्वचेवर अधिक, तर मधल्या पट्ट्यावर अत्यल्प असतो, कारण तेथे त्यास अडविणारी प्रथिने असतात. सीमेवर तो मध्यम राहतो आणि त्याच्या जोडीला 'विंट' व 'एफजीएफ' हे आणखी संदेश येतात. या मेळातून पेशीतील 'पॅक्स-३', 'झिक-१' ही जनुके जागी होतात व ती पुढे 'स्नेल-२', 'सॉक्स-१०' इत्यादींना जागवितात. स्नेल-२ मुळे शेजारणींशी जखडून ठेवणारे बंध सैल होतात आणि पेशी मोकळी होते.

प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण संच असतोच. शासनाच्या सर्व कार्यालयांत नियमपुस्तिका एकच असावी, परंतु ज्यास जे परिपत्रक पोहोचेल त्याने तेच पान उघडावे, तसा हा प्रकार आहे. (परिपत्रक पोहोचूनही पान न उघडण्याचा प्रकार पेशींतही घडतो, त्याकडे पुढे येऊ.)

प्रवाशांचा माग काढणे सोपे नव्हते. निकोल ल द्वारँ या फ्रेंच संशोधिकेने १९६९ मध्ये त्यासाठी एक सुरेख युक्ती योजिली. लावा पक्ष्याच्या पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या पेशीहून सहज वेगळे ओळखू येते. तेव्हा लाव्याच्या गर्भातील चेताशिखेचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसविला की त्या पेशी कोठे जाऊन स्थिरावल्या ते दिसते. तुकडा मूळ जागेहून वेगळ्या पातळीवर बसविल्यास त्या पेशी पुष्कळदा नव्या जागेस साजेसे रूप घेतात, असेही आढळले. सारे काही जन्मतः ठरलेले नसते. वाटेत मिळणारे संदेशही घडवितात.

सर्वांत लांबची वाट आतड्याची. मानेच्या पातळीवरून निघालेल्या पेशी सुमारे चौथ्या आठवड्यात आतड्यात शिरतात आणि सातव्याच्या सुमारास गुदद्वारापर्यंत पोहोचतात. आतड्याची भित्ती त्यांना पुढे बोलाविणारे प्रथिन स्रवते. ते ओळखणारा ग्राही पेशीवर असतो व तो 'रेट' या जनुकापासून बनतो. रेटमध्ये दोष असल्यास बोलावणे येते, पण ऐकू जात नाही. पेशी वाटेतच थांबतात आणि आतड्याचा शेवटचा भाग चेतापेशींवाचून राहतो. तो भाग सैल पडत नाही, मळ पुढे सरकत नाही, पोट फुगते. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये हा विकार मांडला. रेटशी त्याचा संबंध १९९४ मध्ये उघड झाला. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बालकास तो होतो. म्हणूनच नवजात बालकाने ४८ तासांत पहिली काळी शी केली नाही, तर घुटी-एरंडेलात वेळ न दवडता त्यास रुग्णालयात न्यावे. चेतारहित भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया १९४८ पासून ज्ञात आहे आणि तीनंतर बहुतेक मुले वाढीस लागतात.

शिक्षकांनी दुसऱ्या एका खुणेकडे लक्ष द्यावे. कपाळावर जन्मतः पांढरी बट, क्वचित एक डोळा निळा, आणि वर्गात हाकेला उत्तर नाही, असे मूल हट्टी वा मंद नसून बहिरे असू शकते. रंगपेशी अंतर्कर्णातही लागतात. त्या तेथे न पोहोचल्यास श्रवण अधू होते. पॅक्स-३ किंवा सॉक्स-१० मधील दोषाने हे घडते. डच नेत्रतज्ज्ञ वार्डेनबुर्ग यांनी १९५१ मध्ये या लक्षणसमूहाचे वर्णन केले.

आता ओठाकडे. चेहऱ्याचे उंचवटे या प्रवासी पेशींनीच भरतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात एकमेकांस मिळून वरचा ओठ सांधला जातो, टाळू त्यानंतर. पेशी कमी पडल्या वा सांधा वेळेत जुळला नाही, की फट राहते. कारण कधी आनुवंशिक असते, कधी बाह्य, पुष्कळदा दोन्ही मिळून. मद्य आणि तीव्र मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध चेताशिखेच्या पेशींना घातक ठरते. यांतील बराचसा काळ गर्भ राहिल्याची खात्री होण्यापूर्वीच सरतो; गरोदर मातेची नोंदणी होईपर्यंत ओठ बहुधा सांधलेला किंवा दुभंगलेला असतो. म्हणून असे औषध घेणाऱ्या विवाहितेने गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांस विचारावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथूनच झाला. दुभंगलेला ओठ व टाळू, जन्मजात बहिरेपणा आणि जन्मजात हृदयदोष हे तिन्ही त्याच्या यादीत आहेत. वैद्यकीय पथक अंगणवाडीत व शाळेत येते त्या दिवशी असे मूल घरी दडवून ठेवलेले नाही ना, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी जातीने पाहावे. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः मूल तीन ते सहा महिन्यांचे असताना करतात.