कुलूप पाहावे लावून

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्या जुन्या माणसांनी सांगून ठेवले आहे. त्यात तिसऱ्या गोष्टीची भर घालावी असे मला अलीकडे वाटू लागले आहे : कुलूप पाहावे लावून! चार दिवसांच्या लग्नकार्याला जाताना लावतात ते कुलूप नव्हे. मार्गशीर्षात लावायचे आणि माघात काढायचे ते. मुले पुण्यास गेली, नातवंडे तिकडेच वाढू लागली. म्हणून आम्हां उभयतांना दर हिवाळ्यात दोन महिने घर सोडावे लागते. अशी बिऱ्हाडे आमच्या शहापुरात आता गल्लोगल्ली आहेत.

शहापूर बेळगावला लागून असले तरी त्याची नाळ निराळी. १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत हे गाव सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होते. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत हा सारा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सरकारे बदलली, पण जुनी घरे होती तेथेच राहिली : मातीच्या जाड भिंती, मंगळुरी कौले, पुढे सोपा, मागे परसात विहीर, आणि विणकरांच्या गल्लीत मागाचा खटखटाट.

घर सोडून जाणे आपल्या मुलखाला नवीन नाही. मुंबईत १८९६ साली निघालेला प्लेग पुढच्या वर्षांत या बाजूस पसरला, तेव्हा माणसे गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. मागे राहिलेल्या घरांची कौले जागोजाग उतरवून ठेवीत, आत ऊन-वारा खेळावा म्हणून. हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे फैलावतो, हे शास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केले. त्या दिवसांचा धडा आजही खोटा नाही : ज्या बंद घरात धान्य आहे, ते घर उंदराचे. म्हणून निघण्यापूर्वी पंधरा दिवस मी नवे धान्य भरीतच नाही. पीठ, रवा, दाणे संपवून टाकावेत किंवा देऊन टाकावेत. उरलेल्या तांदळाला, डाळींना ऊन दाखवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे.

दुसरा वैरी वाळवी. मातीच्या भिंतीतून ती केव्हा वर चढेल याचा नेम नसतो. ट्रंका, पोथ्या, कागदांची गाठोडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढून विटांवर ठेवावीत. शहापुरी आणि इरकली लुगडी एकदा उलगडून, घडी बदलून, धुतलेल्या मलमलीत बांधावीत. तीच घडी वर्षानुवर्षे राहिली की रेशीम त्या रेषेवर विरते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

आता नव्या सोयींचे पाहा. फ्रिज रिकामा करून, पुसून, बंद करावा आणि दारात फडक्याची गुंडाळी घालून ते किलकिले ठेवावे. नाहीतर आत बुरशी धरते. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावावे. जेथे नळाला ठराविक दिवशीच पाणी येते, तेथे नळ कोरडा असताना तो उघडा राहिला तर कळत नाही. मागाहून पाणी आले की घरभर तळे! म्हणून रस्त्याकडची मुख्य चावीच बंद करावी. मोरीच्या जाळीतून तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल सोडावे. तेलामुळे आतले पाणी लवकर आटत नाही, आणि गटाराची घाण व झुरळे वर येत नाहीत. बादल्या पालथ्या घालाव्यात. साठलेल्या पाण्यात डास होतात.

कुलपाची गोष्ट आमच्या शेजारच्या विणकराने शिकविली. मी कुलपात खोबरेल सोडीत असे. तो म्हणाला, “अक्का, थंडीत ह्ये तेल गोठतंय बघा. मागाचं तेल घाला.” खरेच की! डिसेंबरात बेळगावकडे खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही, मग कुलपात ते कसे वाहावे? तेव्हापासून त्याच्याकडचे मशीनचे तेल दोन थेंब घालते. दुसरी किल्लीही त्याच्याच घरी असते. त्याची बायको सडा घालते, दारात चार रेघांची रांगोळी ओढते आणि तुळशीला पाणी घालते. पोलीस ठाण्यात कळवावे हे योग्यच. पण झाडलेले अंगण हा मोठा पहारेकरी आहे.

देवांचे काय करावे, हा प्रश्न मात्र सर्वांत अवघड. काही घरी ते तांदळात ठेवतात, काही शेजारी पूजेला देतात. माझ्या माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मी बरोबर नेते. बाकीचे देव डब्यात, तांदळावर, आमची वाट पाहत बसतात. मुलगा एकदा म्हणाला, “आई, सगळेच देव घेऊन या ना इकडे.” त्याच्या बोलण्यात माया होती, हे मला कळते. पण सगळे देव नेले की मागे राहते ती नुसती वास्तू, घर नव्हे. मी उत्तर दिले नाही, एवढेच.

कारण आमच्याच गल्लीत मी तीन दारे पाहते. ती माणसेही हिवाळ्यापुरतीच म्हणून गेली होती. मग उन्हाळा तिकडे झाला. पावसाळा आला, मांजराने सरकविलेले एक कौल कोणी नीट केले नाही. आमच्याकडे वर्षाला पन्नास इंचांच्या आसपास पाऊस. पाणी भिंतीच्या माथ्यावर मुरले, माती फुगली आणि भिंत बसली. हिवाळ्याचे दोन महिने घर सोसते. पावसाळा सोसत नाही. म्हणून आमचा नेम असा : परतीचे तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढायचे, मग पुण्याला कोणी कितीही आग्रह करो.

आणखी एक गोष्ट मी कधी चुकवीत नाही. एका डब्यात चहा, साखर, वाटीभर तांदूळ, मूठभर डाळ, मीठ आणि काड्यापेटी ठेवून तो डबा ओट्यावर, हाताशी ठेवते. माघात दार उघडल्यावर खिडक्या उघडायच्या, नळाचे पहिले पाणी वाहू द्यायचे, देव तांदळातून काढायचे, आणि आधण ठेवायचे. किल्ली परत आणून देणाऱ्या शेजारणीला त्या दिवशी आमच्याकडचाच चहा झाला पाहिजे.