चाकणच्या कामगाराला कायद्याचा विद्यार्थी काय देऊ शकतो?

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी कामगारांना मोफत मदत करावी असं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो : सनदच नाही, तर ही मुलं करणार काय? न्यायालयात युक्तिवाद करायला १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार सनद लागते, हे खरंच आहे. पण पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात कामगाराचा हक्क बहुधा न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. तो आधीच कागदांत अडकतो. पॉवर प्रेसखाली बोटं गेलेला कंत्राटी कामगार घ्या. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ संस्थेच्या अहवालांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : अनेकांच्या हाती ईएसआयसीचं (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं) कार्ड अपघात झाल्यावरच पडतं. मग अपघाताचा अहवाल मालकाने द्यायचा, कमाईची क्षमता किती घटली ते वैद्यकीय मंडळाने ठरवायचं, ते पटलं नाही तर अपील करायचं. दर पायरीला हजेरी, पगाराची स्लिप, दवाखान्याचे कागद, ठेकेदाराचं आणि मूळ कंपनीचं नाव लागतं. ही जुळवाजुळव, घटनाक्रम लिहून काढणं, अर्जाचा कच्चा मसुदा करणं, ही कामं वकिलाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्याला करता येतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच विधी महाविद्यालयांतल्या सेवा केंद्रांची तरतूद आहे.

दुसरा गैरसमज खुद्द कामगारांतच आहे : मोफत वकील फक्त गरिबाला मिळतो. महाराष्ट्रातली ३ लाखांची उत्पन्नमर्यादा ऐकून ओव्हरटाइम करणारा माणूस परत फिरतो. वास्तविक विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्याच कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार हा स्वतंत्र गट आहे, त्याला ही मर्यादा लागू नाही, स्त्रियांनाही नाही. एवढी एक गोष्ट गेटवर नीट सांगितली तरी बरंच काम होईल.

मात्र तेवढ्यासाठी शिबिर भरवलं, फोटो काढले की महाविद्यालय आणि कामगारांची भागीदारी झाली, हा समज सर्वांत महागात पडतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. दावा महिनोन्‌महिने चालतो. म्हणजे विद्यार्थी बदलणार हे गृहीत धरूनच करार हवा : फाइल महाविद्यालयाच्या केंद्रात राहील, जबाबदार प्राध्यापक एकच असेल, वकीलपत्र जिल्हा किंवा तालुका विधी सेवा यंत्रणेच्या पॅनेलवरचा वकील दाखल करेल, आणि जाणारा विद्यार्थी येणाऱ्याला लेखी टिपण देईल. वेळसुद्धा कामगाराची धरावी. इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि शिबिरं हटकून रविवारी.

कुणी म्हणेल, हे सगळं युनियनचं काम. कायम कामगारांपुरतं ते बरंचसं खरं आहे. ठेकेदार बदलला की नोकरी बदलणाऱ्याला मात्र युनियनचं सभासदत्व क्वचितच मिळतं. पैशांचा प्रश्न अधिक अवघड आहे. या पट्ट्यात कंपन्यांचा सीएसआरचा (सामाजिक जबाबदारीचा) निधी आहे, पण देणारी कंपनीच उद्या प्रतिपक्ष असू शकते. तेव्हा देणगीदाराला कोणतीही फाइल पाहता येणार नाही, आणि त्याच्याविरुद्धचा दावाही नाकारला जाणार नाही, हे करारात आधीच लिहावं. ही अट ज्या कंपनीला मान्य नसेल, तिचे पैसे न घेतलेले बरे.