पिस्तूल, पदर आणि चौरंगी ठसा

मराठी रहस्यकथेच्या मुखपृष्ठाचा बहराचा काळ साधारण १९४५ ते १९७५ हा. आत स्वस्त, खरबरीत कागद आणि दाटीवाटीची छपाई. बाहेर गुळगुळीत आर्टपेपरवर चार रंगांचे चित्र. अमेरिकेत अशाच स्वस्त कागदावरच्या कथामासिकांना 'पल्प' म्हणत. १९२३ साली निघालेल्या 'वीअर्ड टेल्स'साठी पुढे मार्गारेट ब्रंडेजने केलेली मुखपृष्ठे आजही संग्राहक शोधत असतात. मराठीत मात्र हे काम मासिकांपेक्षा दिवाळी अंकांनी आणि सुट्या रहस्यकथांच्या मालिकांनी केले.

त्याची पूर्वतयारी आधीच झाली होती. रविवर्मा प्रेसच्या शिळाछापाने घराघरांच्या भिंतींवर रंगीत देव आणले होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजना'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि सणासाठी नटवलेले मुखपृष्ठ ही वाचकाची अपेक्षाच होऊन बसली. पुढच्या पिढीत ती पुरी करणारी दोन नावे ठळक आहेत, आणि दोन्ही गोव्याची.

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. रेषेवर त्यांची हुकमत होती. आकृती दोनचार वळणांत उभी राही आणि रंग नंतर तिच्यात भरला जाई. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' हे स्वतःचे नियतकालिक सुरू केले, म्हणजे चित्रकारच मालक आणि संपादक झाला. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी कलाशाळेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. घरात वडिलांची चित्रकला होती, बाकी मेहनत स्वतःची. त्यांच्या चित्रात रेषा जवळजवळ दिसतच नाही. रंगाच्या फवाऱ्याने कडा विरघळतात, गाल आणि खांदे आतून उजळल्यासारखे भासतात. 'रत्नप्रभा' आणि 'रत्नदीप' ही त्यांच्याशी जोडलेली प्रकाशने. पण सर्वसामान्य वाचकाच्या हातात मुळगावकर पोहोचले ते बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवरून.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही पात्रे वाचकांना घरच्यांइतकी ठाऊक होती. इतक्या पुस्तकांतून नेमके नवे कोणते, हे विक्रेत्याच्या फळीवर गिऱ्हाइकाला क्षणात कळायला हवे, आणि ती जबाबदारी मुखपृष्ठाची. त्यामुळे मांडणी ठरून गेली. पुढे, कागदाचा निम्मा भाग व्यापणारा तरुणीचा चेहरा: टपोरे डोळे, बुबुळात पांढऱ्या रंगाचा एकच ठिपका, किंचित विलग ओठ, खांद्यावरून ढळू पाहणारा पदर. मागे, आकाराने लहान आणि निळ्या-काळ्या सावलीत, बुरखाधारी किंवा हॅटवाला माणूस, हातात पिस्तूल. वरच्या बाजूला शीर्षकासाठी मोकळी सोडलेली जागा. प्रसंग कथेत असेलच असे नाही. एका चौकटीत भीती आणि मोह दोन्ही बसवायचे, एवढेच चित्राचे काम.

हे सौंदर्य पुष्कळसे छपाईने ठरवलेले आहे. मूळ चित्र छापायच्या आकाराहून मोठे रंगवले जाई. ब्लॉकमेकर रंगीत काचांमधून त्याची वेगवेगळी छायाचित्रे घेई, जाळीच्या पडद्याने त्यांचे ठिपके करी आणि धातूच्या पत्र्यावर आम्लाने ते कोरून काढी. पिवळा, लाल, निळा, काळा असे चार ठसे कागदावर एकावर एक पडत. एखादा ठसा केसभर सरकला की ओठांची लाली हनुवटीवर येई. अतिसूक्ष्म छटा ठिपक्यांत हरवून जात, म्हणून चित्रकार उजेड-काळोख जाणूनबुजून टोकाचे ठेवी. ज्याला टीकाकार भडकपणा म्हणत, त्यातला बराचसा भाग ब्लॉकचा हिशेब होता. मुळगावकरांची चित्रे छापलेल्या रूपातच पुरी होतात, असे म्हणायला हरकत नाही. दलालांचे तसे नाही. त्यांची रेषा एकरंगी छपाईतही तग धरते, म्हणून आतल्या पानांवरच्या कथाचित्रांत ते सरस ठरतात.

मुळगावकरांचे दुसरे मोठे काम देवादिकांच्या कॅलेंडरांचे. त्यांच्या लक्ष्मीचा आणि रहस्यकथेतल्या नायिकेचा चेहरा शेजारी ठेवला तर बहिणी शोभतील. तक्रार कोणी करावी, देवीने की नायिकेने, हा प्रश्न वेगळा.

ही छापील चित्रे कोकणात जात ती टपालाने, एसटीने आणि चाकरमान्यांच्या ट्रंकेतून. उदाहरणार्थ, रत्नागिरीच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर असलेले पावस हे स्वामी स्वरूपानंदांचे (१९०३–१९७४) गाव. अशा गावात बहुरंगी चित्र घरात येण्याचे मार्ग मोजके होते: वर्षाचे कॅलेंडर, देवाची तसबीर, दिवाळी अंक आणि हातोहात फिरणारी रहस्यकथा. पहिली दोन भिंतीवर लागत, तिसरा पुढच्या दिवाळीपर्यंत शेजारीपाजारी फिरे, चौथी बहुधा उशीखाली जाई. थोडक्यात, देवघरातला आणि उशीखालचा चित्रकार एकच असू शके.

टिकाव मात्र कमी. रत्नागिरी किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत आर्टपेपरची पाने एकमेकांना चिकटतात, आतला आम्लधर्मी कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, उरलेले कसर आणि वाळवी खाते. हवामानापेक्षा मोठे नुकसान वापराने केले. भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये पुस्तक आले की मुखपृष्ठ काढून जाड पुठ्ठ्याची बांधणी करत, किंवा त्यावर खाकी कागद चढवून क्रमांक घालत. पुस्तक शंभर हातांतून जावे म्हणून चित्राचा बळी. रद्दीत किलोवर गेलेल्या प्रतींची तर गणतीच नाही.

सत्तरीच्या दशकात या दोघांच्या निधनानंतर चित्र बदलले. ऑफसेट छपाई पसरली, छायाचित्र स्वस्त झाले, आणि गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्या पिढीच्या कादंबऱ्यांना नवे चित्रकार मिळाले. नारायण धारपांच्या भयकथांवर तर सुंदर चेहऱ्याची जागा काळोख्या वाड्याने, नुसत्या डोळ्यांनी घेतली. दलालांची जन्मशताब्दी २०१६ साली झाली, मुळगावकरांची २०१८ साली. तोवर त्यांच्या मुखपृष्ठांना संग्राहकांचे मोल आले होते. जुन्या पुस्तकांच्या बाजारात अर्नाळकरांची मुखपृष्ठासह धड असलेली प्रत आणि तीच कथा पुठ्ठ्याच्या बांधणीत, यांच्या किमतीत जो फरक पडतो, तो त्या एका आर्टपेपरच्या पानाचा असतो.