बिनबियांची फळे कशी निपजतात?

केळ्याची बी कोठे असते, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो. फळ हे बीजाच्या रक्षणासाठी व प्रसारासाठी असते, असे आपण वर्गात शिकवितो. मग बीजावाचून फळ कसे तयार होते, याचा उलगडा शिक्षकांस करून देता यावा, म्हणून पुढील माहिती दिली आहे.

सजीवांच्या पेशींत गुणसूत्रे असतात व आनुवंशिक गुण त्यांच्याद्वारे पुढील पिढीत उतरतात. रानटी केळीच्या पेशीत ११ गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे एकूण २२ गुणसूत्रे असतात. परागकण व अंडपेशी तयार होताना जोड्या विलग होऊन प्रत्येकीत एकेक संच जातो. या केळीच्या फळात टणक, काळ्या बिया खच्चून भरलेल्या असतात. बागेतील बहुतेक केळींत मात्र तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. तिघांची जोडी नीट लागत नाही; वाटणी विषम होते आणि बी धरत नाही. परंतु तेवढ्याने फळ भरले नसते. परागण न होताही अंडाशय गराने भरावा, असा दुसरा आनुवंशिक गुणही या जातींच्या ठायी असतो.

हेच तत्त्व जपानी शास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी कलिंगडास लावले व ती पद्धत १९५१ साली प्रसिद्ध केली. कोल्चिसीन या द्रव्याच्या योगाने वेलीची २२ गुणसूत्रे ४४ करावयाची, आणि तिच्या फुलावर साध्या वेलीचा पराग घालावयाचा. या संकराच्या बियांत ३३ गुणसूत्रे येतात व त्यांच्या वेलींस बिनबियांची फळे लागतात. मात्र फळ धरण्यास परागाची चेतना अवश्य असल्याने शेतात साधे वेलही लावावे लागतात.

नाशिक-सांगलीकडील थॉमसन द्राक्षाची गोष्ट निराळी आहे. तेथे गुणसूत्रांचे संच दोनच असतात व फलनही होते. परंतु बीचे कवच घडत नाही व बी कोवळेपणीच खुंटते. एका जनुकातील सूक्ष्म बदल यास कारण आहे, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

या सोयीचे मोलही द्यावे लागते. बी नसल्याने केळीची लागवड मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून होते. सर्व झाडे एकाच साच्याची निघतात. जो रोग एकास ग्रासतो, तो सर्वांस ग्रासतो. मध्य अमेरिकेतील ‘ग्रो मिशेल’ जातीच्या बागा पनामा मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उद्ध्वस्त केल्या. तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. जळगावची बसराई व ग्रँड नैन याच गटातील होत. आता त्याच रोगाच्या नव्या प्रकाराने या गटासही गाठले असून, २०१९ साली तो कोलंबियात पोहोचला. रोगास तोंड देणारे गुण शोधावयाचे तर बियांनी भरलेल्या रानटी केळींकडेच वळावे लागते. ज्या फळास आपण निरुपयोगी म्हणून टाकिले, त्याच्याच पोटी उद्याच्या पिकाचे रक्षण असू शकते.

शिक्षकांनी वर्गात एक केळे आडवे कापून दाखवावे. मध्यभागी दिसणारे बारीक ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडे होत. ती विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावी व पपईच्या बियांशी ताडून पाहावी; म्हणजे हा पाठ त्यांच्या कायमचा स्मरणात राहील.