दिवसा वीज आणि गावचं गायरान

रात्रीचं दारं धरणं सुटावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण सौर प्रकल्पाचं नाव निघालं की 'आपल्या गायरानात नको' असंही ऐकू येतं, आणि काम रेंगाळतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारून शेतीच्या फिडरला दिवसा वीज देतात. एका मेगावॉटला साधारण ४-५ एकर जागा लागते. गुरं-मेंढ्या चारणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. न विचारता कुंपण घातलं तर विरोध होणारच. ग्रामसभेत आधी नकाशा मागा. चराई आणि वाट कुठे राहणार, ते ठरावात लिहून घ्या. खासगी जमिनीला भाडं हेक्टरी वर्षाला १.२५ लाख, दरसाल ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला ३ वर्षं दरसाल ५ लाख. त्यातून गुरांसाठी हौद मागायला हरकत नाही.