लॉगमधून हरवलेलं बेलापूर

समजा, तुमच्या संशोधनाचा विषय आहे : ग्रामीण भागातले लोक ऑनलाइन कोणत्या भाषेत शोधतात? एका संकेतस्थळाचे सर्व्हर लॉग तुम्हाला मिळाले. तुम्ही त्यात 'बेलापूर' शोधलंत (आपलं प्रवरेकाठचं, श्रीरामपूरजवळचं, नवी मुंबईतलं नव्हे). उत्तर आलं शून्य. रोमन लिपीतलं बेलापूर मात्र भरपूर सापडलं. मग 'इथले लोक मराठीत शोधत नाहीत' असं लिहायला हात शिवशिवतात.

थांबा. हेच वाक्य मीही एकदा मसुद्यात लिहून बसलो होतो आणि ते साफ चुकीचं होतं. लोक मराठीतच शोधत होते, माझ्या प्रोग्रामला ते दिसत नव्हते.

एक शब्द, तीन वेश

लॉगच्या फायलीत अक्षरं नसतात, बाइट असतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'बेलापूर'मध्ये ब, मात्रा, ल, काना, प, दीर्घ ऊकार आणि र अशी ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. नुसत्या 'ब'चे बाइट २२४, १६४ आणि १७२.

आता हे २१ बाइट लॉगमध्ये कसे उतरतात बघा :

१. ब्राउझर पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन हेक्साडेसिमल अंक असा लिहून पाठवतो. झाली ६३ अक्षरं.
२. बाइट थेट आले तर एन्जिनएक्स हा सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये त्यांना बॅकस्लॅश, एक्स आणि दोन अंक असं लिहितो. झाली ८४ अक्षरं.
३. ॲप्लिकेशनचा स्वतःचा लॉग बऱ्याचदा सरळ देवनागरीतच असतो.

साधा शोध फक्त तिसरा वेश ओळखतो.

दुरुस्त होणारं आणि न होणारं नुकसान

मधल्या एखाद्या प्रोग्रामने हे बाइट लॅटिन-१ समजून वाचले आणि पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिले, तर २१ चे ४२ बाइट होतात. स्क्रीनवर कचरा दिसतो, पण उलट्या क्रमाने गेलं की शब्द परत मिळतो.

पण न कळलेल्या बाइटच्या जागी प्रोग्रामने प्रश्नचिन्ह टाकून फाइल सेव्ह केली, तर शब्द कायमचा गेला. कुठलीही युक्ती तो परत आणू शकत नाही. म्हणून मूळ लॉग एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करायचा मोह टाळा.

मग करायचं काय?

- मूळ फाइल फक्त-वाचन ठेवा, तिचा चेकसम लिहून ठेवा आणि काम प्रतीवर करा.
- प्रत्येक फायलीबद्दल नोंद करा : ती कोणत्या प्रोग्रामने लिहिली, एन्कोडिंग कोणतं, वेश कोणता.
- आधी वेश उतरवा, तोही एकदाच. मग यूटीएफ-८ म्हणून काटेकोरपणे वाचा. पायथनमधला चुकांकडे दुर्लक्ष करायचा पर्याय वापरू नका. न वाचता आलेल्या ओळी वेगळ्या ठेवा आणि मोजा.
- शेवटी युनिकोडचं एनएफसी रूप करा. 'कऱ्हाड'मधला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता मिळून. एनएफसी हे दोन्ही एक करतं. पण कोणी तोच आकार र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून टाइप केला असेल, तर एनएफसी काही करत नाही. त्यासाठी स्वतःचा नियम करा आणि तो प्रबंधात लिहा.

'बेलापूर' आणि 'बेलापुर' हा प्रश्न मात्र शुद्धलेखनाचा आहे, एन्कोडिंगचा नाही. 'अहमदनगर' आणि 'अहिल्यानगर' हा नाव बदलल्याचा. त्यांच्यासाठी पर्यायी नावांचा वेगळा तक्ता ठेवा, मूळ शब्दांना हात लावू नका.

विश्लेषण सुरू करण्याआधी एक चाचणी करा. सरावाच्या सर्व्हरवर स्वतः 'बेलापूर' शोधा आणि ती ओळ तुमच्या सगळ्या पायऱ्यांतून न्या. शेवटी बरोबर २१ बाइट हातात आले, तरच पुढची मोजणी करा. आणि किती ओळी वाचता आल्या नाहीत, तो आकडा निष्कर्षाशेजारीच छापा. गाइड विचारायच्या आधी.