आधी तिथी बघा, मग रोहित!

फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, डोकं उलटं करून जेवतो. वरची चोच खाली, खालची वर! जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आतबाहेर खेळतं आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत खाऊ अडकतो.

ठाणे खाडीत याच्या दोन जाती दिसतात. छोटा रोहित तीन फुटांच्या आतबाहेरचा, गडद लाल चोचीचा, मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगणारा. मोठा रोहित पाच फुटांपर्यंत उंच, अंगाने पांढुरका, गुलाबी चोचीचं टोक काळं. त्याला कोळंबीसारखे बारीक जीव आणि अळ्याही चालतात. गुलाबी रंग जन्माचा नव्हेच, तो खाण्यातून चढतो. म्हणून थव्यात करडा पक्षी दिसला तर तो आजारी समजू नका, वयाने लहान आहे. आणि मागे वाकणारा तो ‘गुडघा’? तो घोटा. खरा गुडघा वर, पिसांत दडलेला.

रोहित बघायला ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात त्या भरती-ओहोटीच्या तालावर. किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे कामी येतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढे सहाएक तासांनी ओहोटी. पाणी ओसरताना चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतवार, पाणटिवळे जेवायला उतरतात. तिवरांच्या श्वसनमुळांपाशीही नजर टाका. निवटी दिसेल: डोळे डोक्यावर, पाठीचा पर ताठ, चिखलातून टुणटुण उड्या मारणारा मासा!

खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा पट्टा 2015 मध्ये अभयारण्य झाला, 2022 मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. पण भरतीने चिखल बुडाला की पक्ष्यांना टेकायला दुसरी जागा लागते. मग थवे नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर आणि भांडुपच्या उदंचन केंद्राजवळच्या पाणथळीत विसावतात. ही तळी बुजली तर नुसत्या खाडीवर रोहितांचं भागणार नाही. तीही तितक्याच काटेकोरपणे राखायला हवीत.

हिवाळा लागला की दुर्बीण घेऊन जरूर जा. फक्त थव्याच्या अगदी जवळ बोट न्यायचा आग्रह नावाड्याला करू नका. उडवलेला पक्षी तेवढा वेळ उपाशी राहतो.